मावशी टाइप करत असताना मध्ये न येण्याचा नियम

माझी मावशी टाइप करताना पडद्याकडे बघत नाही. तिची नजर डावीकडच्या कागदावर, पाठ ताठ, आणि बोटं आपापली वाट चालत असतात. टाइपरायटरवर शिकलेली बाई ती. बत्तीस वर्षं एका ग्रंथालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात आहे. शंभर वर्षांपूर्वीची हस्तलिखित पत्रं वाचायची आणि टाइप करायची, हे तिचं काम. इतरांना ते अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग वाटतं; मावशी घडाघडा वाचते.

गेल्या वर्षी तिच्या कार्यालयात नवे संगणक आले. त्याच आठवड्यात ती एका व्यापाऱ्याच्या बायकोची पत्रं उतरवत होती. या बाईंना नवऱ्याला लिहिताना शब्द जपून वापरायची सवय नव्हती. मावशी अगदी रंगात आलेली, आणि तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, "दुपारी जरा भेटता का?" निरोपाची खिडकी आपणहून पुढे आली आणि मावशीची अक्षरं तिच्यात पडू लागली. परिच्छेद संपला. मावशीने एंटर दाबलं.

दोन मिनिटांत साहेब दारात. चेहरा पार उतरलेला.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"का हो?"

"तुम्ही लिहिलंय, 'तुमच्यासारखा आळशी आणि हेकट माणूस माझ्या वाट्याला आला, हे माझं दुर्दैव. तोंड दाखवलं नाहीत तरी चालेल.'"

मावशीने दचकून पडद्याकडे बघितलं. "अहो, हे तुम्हाला नाही! हे तिच्या नवऱ्याला!"

खात्री पटवायला मूळ पत्र दाखवावं लागलं. मग मात्र साहेब तिथेच खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

संध्याकाळी मला फोन आला. "तू संगणकाच्या खिडक्यांचंच काम करतेस ना? मग ये आणि बघ तुमचे प्रताप."

कोणत्या खिडकीला कीबोर्ड मिळायचा हे ठरवणारा भाग आमचीच टीम लिहिते, त्यामुळे सुटका नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे स्टूल घेऊन बसले. तिने शब्दकोशाच्या चित्रावर क्लिक केलं आणि पुन्हा टायपिंग सुरू केलं. आठ सेकंदांनी शब्दकोश उघडला, पुढे घुसला आणि तिची अर्धी ओळ गिळून बसला.

"पण त्याला बोलावलंस तूच ना?" मी म्हणाले.

"बोलावलं. पण तो येईस्तोवर मी कामाला लागले. मग त्याने मागे उभं राहून जरा खाकरावं. माझ्या हातचं काम काय म्हणून हिसकावून घ्यावं?"

आमचा नियम भलताच उदार होता: खिडकी नवी आली की कीबोर्ड तिचा. मी तो बदलला. खिडकी माणसाने मागितली का, आणि मागितल्यानंतर त्याने दुसरीकडे काही टाइप केलं का, हे आता आधी बघायचं. केलं असेल, किंवा खिडकी कोणी बोलावलीच नसेल, तर तिने मागेच उघडायचं आणि खालच्या पट्टीवर नुसतं लुकलुकायचं.

मोठ्या ऐटीत मी तो बदल मावशीला वापरायला दिला. अर्धा दिवस सुखाचा गेला. मग पुन्हा फोन.

"अगं, पत्रात मधेच माझा पासवर्ड आलाय! 'आपली प्रकृती कशी आहे चिडकीमांजर४७.'"

मी कपाळावर हात मारला. मावशीने फाइल जतन करायची कळ दाबली, म्हणून पासवर्डची खिडकी उघडली. पण तीच कळ आम्ही 'नंतर टाइप केलेलं' म्हणून मोजत होतो. खिडकी बिचारी मागे राहिली आणि पासवर्ड पत्रात गेला. ती चूक दुरुस्त करायला मला तीन दिवस लागले. मावशीला नवा पासवर्ड शोधायला त्याहून जास्त.

सगळ्यांना द्यायच्या आधी आम्ही मावशीला आमच्या कार्यालयात बोलावलं. तिने पत्र मांडलं, चष्मा सावरला आणि सुरू झाली. आम्ही पाच जण आपापल्या संगणकांवरून तिच्यावर निरोप, सूचना, इशारे यांचा नुसता मारा करत होतो. खालची पट्टी जत्रेसारखी लुकलुकत होती. मावशीला त्याचा पत्ताही नाही. पान संपल्यावर आम्ही एकेक अक्षर ताडून पाहिलं. एकही हरवलं नव्हतं. आमच्या टीमप्रमुख कधी कोणाचं कौतुक करत नाहीत, पण त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"काही सूचना, मावशी?" त्यांनी विचारलं.

"खिडक्या आता शहाण्या झाल्या," मावशी कंबर चोळत उठली. "पण तुमच्या खुर्च्या फार बुटक्या आहेत हो. इतकी हुशार पोरं तुम्ही, चाळिशीत वाकाल सगळी."

पुढच्याच महिन्यात नव्या खुर्च्या आल्या.