बांधीवर येणारा मास्तर

आमच्या गावच्या शाळेत एक जागा भरायची होती, अन् शाळा समितीत मीही होतो. मी शिकलो दुसरीपर्यंत, पण अडून बसलो. रोवणीच्या दिवसांत पोरं धानाच्या बांधीत जातात. तिथं येऊन त्यांना शाळेत नेईल, तोच मास्तर घ्या म्हटलं. अर्ज केलेल्यांत गावातली एक शिकलेली बाई तशी होती.

“आबाजी, मार्क कागदावर असतात. हे कुठं लिहू?” निवडीसाठी आलेले साहेब हसले.

“मंग कागदच बदला.”

जास्त मार्कांचा मास्तर लागला. सही मलाही करावी लागली.

आता रोवणी सुरू आहे. माझी नात चार दिवसांपासून चिखलात धानाचे पऱ्हे लावून राहिली. मास्तर शाळेतच बसून हजेरी घेतो. मी मुलाशी भांडलो, तर तो म्हणाला, “मास्तरले फिकर नाही, तुमाले काऊन?”

मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून नातीकडे पाहत राहिलो.