वीतभर ब्लँकेट

तिला सगळे मावशी म्हणायचे. सख्खी भाची एकच होती आणि ती वर्षानुवर्षं ढुंकून बघत नसे, पण दूधवाला, जनावरांचे डॉक्टर, पिल्लांच्या संस्थेच्या मॅडम, या सगळ्यांची ती मावशीच. तिनेही कधी हरकत घेतली नाही. नवरा आठ वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी लांबच्या शहरात, घरात दोन खोल्या आणि एक मोरी. कुणी मावशी म्हणून हाक मारली की निदान दार उघडायला निमित्त मिळायचं.

तिचं काम असं. रस्त्यावर, पोत्यात, गटारीच्या कडेला सापडलेली कुत्र्यांची पिल्लं संस्थेकडे यायची आणि मॅडम ती मावशीकडे आणून टाकायच्या. दीड-दोन महिने मावशीने ती वाढवायची, जंतांचं औषध पाजायचं, लशी टोचून घ्यायच्या, आणि कायमचं घर मिळालं की देऊन टाकायची. ती नावं ठेवायची नाही असं म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पोटोबा, चोंबडी, मुकादम, रडतराऊत अशा हाका सुरू व्हायच्या. एकाला नुसतंच ‘अगोचर’ म्हणायची. तो तिची चप्पल, फोनची वायर आणि डॉक्टरांची पावती एकाच दुपारी खाऊन मोकळा झाला होता.

पिल्लू देताना तिची एक रीत होती. नवऱ्याचं एक तपकिरी चौकड्यांचं लोकरी ब्लँकेट तिच्याकडे होतं. तो ट्रक चालवायचा आणि ते ब्लँकेट वीस-बावीस वर्षं त्याच्याबरोबर केबिनमध्ये फिरलं होतं. आता पिल्लं त्यावर झोपायची. पिल्लू घर सोडून निघालं की मावशी कात्री घेऊन त्या ब्लँकेटचा वीतभर तुकडा कापायची आणि खोक्यात पिल्लाच्या पोटाखाली सारायची. भावंडांचा वास, तिचा वास, थोडा ट्रकचाही असेल, सगळा त्यात. तो तुकडा असला की पिल्लू नव्या घरात रडत नाही, हा तिचा अनुभव होता. तिच्याकडचं पहिलंच पिल्लू तीन रात्री रडलं म्हणून लोकांनी ते परत आणलं होतं. त्यानंतर एकही परत आलं नाही. आठ वर्षांत ब्लँकेट अर्धं उरलं होतं आणि याचा तिला अभिमान होता.

ते ब्लँकेट ती धूत मात्र नसे. वास गेला तर उरलं काय, नुसतं कापड. आणि गंमत अशी की ही बाई एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या धोबीखान्यात होती. कुठल्या वॉर्डची चादर कुठल्या पिशवीत, कशाला उकळतं पाणी, कशाला किती ब्लीच, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नव्या बायकांना ती पहिल्याच दिवशी दम भरायची. "सुती काहीही घाला, पण लोकर ब्लीचमध्ये गेली तर बादलीतून नुसतं पाणी काढाल." नव्या बायका हसायच्या. मग एखादीचा स्वेटर चुकून जायचा आणि हसणं बंद व्हायचं.

गेल्या वर्षी पाच पिल्लं आली. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कुणीतरी तोंड बांधून टाकलेली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत लहान होतं त्याने खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. चार दिवसांत पाचही गेली. शेवटच्याला थंडी वाजत होती म्हणून मावशीने ब्लँकेटमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि ते तिथेच गेलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हा पार्वो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण फरशीला, कापडाला चिकटून महिनोन्‌महिने राहतो. लस न झालेलं पिल्लू त्यावर आलं की संपलं. "मावशी, अंथरूण-पांघरूण जे असेल ते जाळा. फरशी ब्लीचने पुसा. आणि वर्षभर या घरात पिल्लू नाही. एक दिवस कमी नाही."

मावशीने गाद्या जाळल्या, खोकी जाळली, ताटल्या फेकल्या. फरशी इतक्यांदा पुसली की हाताची सालं निघाली. राहता राहिलं ब्लँकेट. ते जाळायला म्हणून ती अंगणापर्यंत घेऊन गेली आणि परत आली. धुवावं तर लोकर, ब्लीच चालणार नाही. मग तिने ते तीन दिवस कडक उन्हात तारेवर टाकलं, उन्हात सगळं मरतं असं स्वतःच स्वतःला सांगितलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवून दिलं. धोबीखान्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मावशीने तिला नोकरीवरून घालवलं असतं.

घर रिकामं झालं. सकाळी उठून दूध तापवायचं कारण राहिलं नाही. ती कॅलेंडरवर महिना संपला की फुली मारायची. बारा फुल्या झाल्या की मॅडमना फोन करायचा, एवढंच तिने मनाशी धरून ठेवलं होतं. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, आता तरी आराम कर." मावशी म्हणायची, "करतेय ना." आणि मग पाच मिनिटं दोघी हवापाण्याचं बोलत.

नऊ फुल्या झाल्या तेव्हा घड्याळवाले काका आले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आता दुकान बंद करून घरीच एका टेबलावर थोडंफार काम करत. ते मावशीपेक्षा दोन वर्षांनी मोठे, तरी तिला मावशी म्हणत आणि ती त्यांना काका म्हणे. मॅडमनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पिल्लं दिली होती, सहा, जेमतेम पाच आठवड्यांची, लस अजून व्हायची होती.

"रडतात हो," काका म्हणाले. "आई नाही, काही नाही. मी गादीवर घेऊन बसतो, तरी रडतात. माझ्याच्याने बघवत नाही. मॅडम म्हणाल्या, मावशींना विचारा."

मावशींना विचारा. नऊ महिन्यांत कुणी मावशीला काही विचारलं नव्हतं. ती उठली, स्टूल घेतलं आणि कपाटावरची पिशवी काढली. हात थांबला का? थांबला. खोटं कशाला सांगा. तिने ब्लँकेट नाकाशी धरलं, मग खिडकीकडे पाहिलं, ऊन चांगलं होतं, आणि नऊ महिने म्हणजे काय थोडे झाले, असं तिला वाटलं. तिने चांगला हातभर तुकडा कापला, सहा पिल्लं होती म्हणून.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "जादू केलीत तुम्ही. सगळी त्याच्यावर एकमेकांना चिकटून झोपतात. रडणं बंद." मावशी दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तिने उगीचच पाव लिटर दूध जास्त घेतलं आणि मग स्वतःच पिऊन टाकलं.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. "काकांकडची गेली, मावशी. पाच गेली. एक डॉक्टरांकडे आहे, ते वाचेल म्हणतात. पार्वोच. कुठून आला कळत नाही."

मावशीने फोन ठेवला. तिला कळलं होतं. ती मोरीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. हे सांगून टाकलं तर पुन्हा या घरात पिल्लू येणार नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तीन फुल्या उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांकडे गेली. खोलीला फिनेलचा वास येत होता. टेबलावर उघडी घड्याळं होती, पण काम चाललेलं दिसत नव्हतं. काका अनवाणी होते.

"बूट जाळले," ते म्हणाले. "चपलाही. नाक्यावरच्या उकिरड्यापाशी मरतुकडी कुत्री बसतात. तिथून मी रोज भाजी आणायला जातो. मीच आणला असणार घरात. बाहेरचे बूट आत आणू नका म्हणून मॅडमनी बजावून सांगितलं होतं हो. एकदा पाऊस होता म्हणून आणले. एकदाच."

मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मॅडमना सांगितलं, माझं नाव काढा. हे आपल्याला जमायचं नाही. नाजूक कामात चाळीस वर्षं काढली, मला वाटायचं माझा हात जपून चालतो." त्यांनी टेबलाच्या खणातून कागदात बांधलेली एक पुडी काढली. "हा तुमचा तुकडा. साबणाने धुतलाय. तुमच्या मिस्टरांचं ना ते? माझ्याकडे राहायला नको."

त्यांनी तो इस्त्रीही केला होता. कडा जुळवून घडी घातली होती. मावशीने पुडी पिशवीत टाकली, येते म्हणाली आणि जिना उतरली.

सुटली की ती. पुडी तिच्याकडे, ब्लँकेट तिच्याकडे, काकांचा संशय बुटांवर. कुणाच्या बापाला कळलं नसतं. बसथांब्यावर ती बाकावर बसली. एक बस आली, गेली. तीन महिन्यांनी मॅडम खोकं घेऊन येतील, खोक्यात कुणीतरी कुईकुई करत असेल, हे तिला अगदी समोर दिसत होतं. आणि त्याच्या शेजारी काकांचे अनवाणी पाय दिसत होते, पांढरे, बोटांवर बुटाचे जुने घट्टे असलेले. दुसरी बसही गेली. मावशीने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, शेजारच्या माणसाने वळून पाहिलं इतकी मोठ्याने, आणि ती परत जिना चढली.

"बुटांनी नाही आला," तिने दारातच सांगितलं. "मी दिला. त्या तुकड्यातून. माझी पाच त्यानेच गेली होती, शेवटचं याच ब्लँकेटमध्ये गेलं. डॉक्टरांनी जाळायला सांगितलं होतं. मी जाळलं नाही."

काकांनी तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "धुतलं होतं?"

"नाही."

"तुम्ही दवाखान्याच्या धोबीखान्यात होता ना?"

"एकतीस वर्षं."

काका खुर्चीवर बसले. टेबलावरचं एक घड्याळ उचललं आणि परत ठेवलं. "शेवटचं होतं ते त्या तुकड्यावरून उठायलाच तयार नव्हतं," ते म्हणाले. "तोंडात धरून ठेवला होता. मला वाटलं, आपण काही करू शकलो नाही, पण एवढं तरी दिलं."

मावशीला रडायला आलं, पण रडून यांच्याकडून सांत्वन करून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून तिने ते गिळलं. काकांनी तिला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने ती आपणहून निघाली.

मॅडमना तिने घरी पोचल्याबरोबर फोन केला आणि सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. "कळवलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या, आणि हा आवाज मावशीने ओळखला. पिल्लू परत आणणाऱ्या लोकांशी त्या याच आवाजात बोलायच्या.

मग तिने मोरीत मोठी बादली ठेवली. रबरी हातमोजे घातले. ब्लँकेट पिशवीतून काढलं, काकांनी दिलेली घडी त्यावर ठेवली आणि वरून ब्लीचचा अख्खा कॅन ओतला. जाळताही आलं असतं. पण तिला ते धोबीखान्याच्या पद्धतीने करायचं होतं, नऊ महिन्यांपूर्वी करायला हवं होतं तसं. लोकर आधी पिवळी पडली, मग बुळबुळीत झाली. तिने काठीने दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजे घालून तिने आत हात घातला, तर पिळायला काही हाताला लागलं नाही. तिने बादली मोरीत ओतली आणि खूप वेळ पाणी सोडत राहिली. कॅलेंडरही काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. मावशी म्हणून हाक नाही, नमस्कार नाही.

"वाचलं ते डॉक्टरांनी माझ्याकडेच पाठवलं होतं. त्याला घर मिळालं," ते म्हणाले. "चांगली माणसं आहेत. आत्ता न्यायला आलीत." मागे पिल्लाचं रडणं ऐकू येत होतं, खोक्यातून येतं तसं बंद-बंद. "फार रडतंय. याच्याबरोबर काय देऊ?"

मावशीचा हात सवयीने टेबलावरच्या कात्रीकडे गेला.

"काही देऊ नका," ती म्हणाली.

"मग?"

"रडेल. दोन-तीन रात्री रडेल. त्यांना सांगा, परत आणू नका, थांबतं ते."

काकांनी फोन लगेच ठेवला नाही. खाली ठेवून ते त्या माणसांशी बोलायला गेले असावेत. मावशी फोन कानाला लावून उभी राहिली. खोकं उचललं, दार वाजलं, रडणं जिन्यावरून खाली खाली गेलं, आणि ते ऐकू येईनासं होईपर्यंत ती तशीच उभी होती.