द्राक्षासवाचं एक टोपण

हैदराबादच्या विमानतळावर मी विमानं मागे ढकलणारा ट्रॅक्टर चालवतो. सेलूला गेलो की चुलते हमखास म्हणतात, "ट्रॅक्टरच हाकायचा व्हता तर शेत काय वाईट व्हतं?" फरक एवढाच, की नांगरायच्या आधी कुणी दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावत नाही. आमच्यातल्या काही जणांना रोज निवडून लावतात. आकडा शून्यच यावा लागतो.

या नियमांवर दरवर्षी व्याख्यान असतं. देणाऱ्या साहेबाला स्वतःला कधी फुंकावं लागत नाही. आम्ही मागे बसून त्याच्या पोटावर विनोद करायचो. आणि पकडल्या गेलेल्यांचा मला मनापासून तिटकारा. आमच्या घरात गळ्यात लिंग असतं, बाटली उंबरा ओलांडत नाही, हे मी इतक्यांदा ऐकवलेलं, की कँटीनमध्ये लोक मला 'महाराज' म्हणत. मला तो मान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात रजेवरून खोकला घेऊन परतलो. आईनं पिशवीत द्राक्षासव घातलेलं. कपडे बदलताना एक टोपण घेतलं, बाहेर आलो आणि नेमकी माझीच निवड झाली. यंत्रानं शून्य दाखवलं नाही.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी बाटली मागवली. तिच्यावर छापलेलंच होतं, की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. व्याख्यानातही ते सांगितलं असणार; मी पोट बघत होतो. चूळ भरून वीस मिनिटं बाकावर बसायला सांगितलं. जाता जाता एकानं विचारलं, "महाराज, देशी का इंग्लिश?"

माझं नाव मातीत चाललं होतं. मी आईला फोन लावला. म्हणालो, "तू मला दारू पाजलीस."

ती म्हणाली, "ल्हानपणापास्न तेच देत आले रे तुला."

दुसऱ्यांदा शून्य आलं. औषध तोंडात राहिलं होतं, एवढंच. हे मी दिवसभर सगळ्यांना गाठून सांगितलं, झाडूवाल्यालासुद्धा. आईला तेवढा फोन केला नाही.

पुढच्या रजेत पाहिलं, तर फळीवर आईची बाटली नव्हती. पचनासाठी ती स्वतः रोज दोन चमचे घ्यायची. तेही तिनं मोरीत ओतलं होतं. मी यंत्राची सगळी हकीकत समजावली. तिनं मान हलवली आणि चहा पुढं ठेवला.

"नुस्तं आलं हाय त्यात. बगून घे."

आणि मी, निर्लज्ज माणूस, कप तोंडाला लावण्याआधी खरंच वास घेतला.