पोट चिकटवलेले पतंग

पोट नसलेला पतंग मोडका नसतो. हे मी पालघरच्या आमच्या कॉलेजात शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं, आणि विभागप्रमुखांना तर वारंवार. ते मान डोलवायचे. आता कळतं की माझं बोलणं कधी संपतंय, एवढीच ते वाट बघत असायचे.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेला वेळ खाडीकाठच्या तिवराच्या पानांत राहणाऱ्या पतंगांमागे घालवते. पानांवर नव्हे, पानांत. अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीमधला गर खात पुढे सरकते आणि मागे पांढरी वेडीवाकडी रेघ सोडते. अशी पानं डब्यात आणून ठेवायची आणि रोज झाकण उघडून बघायचं. मग एखाद्या सकाळी झाकणाला तांदळाच्या कणीएवढा रुपेरी पतंग चिकटलेला सापडतो. या पतंगांत जाती पुष्कळ, पण बाहेरून सगळ्या सारख्या. पंखांवर त्याच तिरक्या तपकिरी रेघा, कडेला तीच झालर, पाठीवर टाकलेल्या त्याच लांब मिशा. पंख बघून यांची जात सांगणारा माणूस मला भेटला तर मी त्याला खोटारडा म्हणेन.

फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाला. म्हणून पोट अलगद सोडवायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करायचं, आतलं सगळं विरघळलं की उरलेली पारदर्शक पिशवी बारीक ब्रशने साफ करायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली मादीला धरायच्या दोन झडपा दिसतात. तारापूरकडच्या नेहमीच्या जातीत झडपेच्या काठाला फणीसारखे दात असतात. पाम गावाच्या पुढे खाडीकाठी मिळालेल्या माझ्या नरांना दात नव्हते, टोकाला एकच वळलेला आकडा होता. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली आणि कारण कोणालाच नीट सांगता आलं नाही. ती नवी जात होती. तिला अजून नाव नव्हतं.

साफ केलेलं पोट ग्लिसरीनच्या थेंबात, इवल्याशा नळीत ठेवतात आणि ती नळी पतंगाच्याच टाचणीला खाली अडकवतात. वर बिनपोटाचा पतंग, खाली त्याचं पोट. ही रीत माझी नाही, हे काम करणारे सगळेच असं ठेवतात. नव्या जातीचं नाव ज्या एका नमुन्यावर उभं राहतं, तो माझा नरही असाच ठेवला होता. लेख लिहून झाला होता. मुंबईच्या एका तज्ज्ञ बाईंनी तो वाचून एवढंच म्हटलं होतं की नर प्रत्यक्ष दाखवा.

तेवढ्यात आमच्याकडे तपासणी समिती यायची ठरली. भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या. मी बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होते. विभागप्रमुखांनी माझं कपाट उघडलं.

परत आले तेव्हा ट्रे काचेखाली मांडलेला होता आणि सगळे पतंग पूर्ण होते. प्रत्येकाला पोट होतं. पामच्या नरांना दुसऱ्या पेटीतल्या तारापूरच्या पतंगांची पोटं तोडून, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडली होती. बेसिनशेजारी टॉवेलवर माझ्या नळ्या पालथ्या घातल्या होत्या, स्वच्छ, लखलखीत.

"अहो मॅडम, किती वाईट दिसत होते ते," सर म्हणाले. "समितीपुढे असे अर्धे पतंग ठेवायचे? डोळे फुटायची वेळ आली जोडताना."

"आणि नळ्यांमधलं?"

"ते तेलकट? धुवून टाकलं."

मी ओरडले. व्हरांड्यात मुलं जमली तरी ओरडत राहिले, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. आळशी माणसाने माझं काही बिघडवलं नसतं. यांनी मन लावून, भिंग लावून, एकेक पोट सरळ रेषेत बसवलं होतं. पामचा एकही नर सुटला नव्हता. वर मला सल्ला दिला, "हाच पाठवून द्या ना मुंबईला. आता पूर्ण आहे." म्हणजे ज्याच्या झडपेला दात नाहीत म्हणून मी नवी जात म्हणते, त्याच्या अंगावर दातवाल्याचं पोट लावून पाठवायचं!

समितीने संग्रह उत्तम असल्याचं सांगितलं. सरांचा चेहरा फुलला.

पुन्हा नर मिळवायचे म्हणून मी पिशव्या घेऊन पामला गेले. तिवरांच्या जागी मुरूम पसरलेला होता आणि त्यावर ट्रक उभे होते. खाडीतून खेकडे घेऊन येणाऱ्या एका बाईंना विचारलं.

"तिवरं नाय ऱ्हायली आता, बाय. भराव टाकलाय. तुमी काय शोधता?"

"एक पाखरू. बारीकसं."

"येवडा भराव हाय नि तुमी पाखरू शोधता?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. कुंभवलीपर्यंत काठाकाठाने सगळी उरलेली तिवरं धुंडाळली, पानं आणली, डबे भरले. निघाले ते सगळे दातवाले.

मुंबईच्या बाईंना मी लेख मागे घेते असं कळवलं. मग बारीक अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि ट्रेमधल्या प्रत्येक टाचणीला एक टोचली: 'याचं पोट याचं नाही. आमच्या विभागात चिकटवलं.'

सरांनी त्या वाचल्या. लाल झाले. विभागाची बदनामी होते, आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाले.

"काढते," मी म्हटलं. "आधी त्यांची पोटं आणून द्या."