मुक्कामी गाडी

तासलेल्या पेन्सिलीचा वास आला की मला नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावी आमच्या घरच्या टेबलावर पसरलेला टेक्सासचा नकाशा आठवतो. आठ दिवसांच्या सहलीचं वेळापत्रक मी करत होतो आणि बायकोची मागणी एकच होती, पश्चिमेच्या वाळवंटात तारे बघायचे. आमच्याकडे भाजीपाल्याच्या काचगृहांत रात्रभर जळणाऱ्या दिव्यांनी रात्रीचं आकाश केशरी असतं. नेदरलँड्समध्ये कुठेही गेलं तरी रात्री घरी परतता येतं, त्याच सवयीने मी सॅन अँटोनियोत एकच हॉटेल धरलं होतं. तिथून वाळवंट जाऊन-येऊन तेराशे किलोमीटर भरत होतं. तीनदा बेरीज तपासून मी ते खोडलं. "राहू दे," एवढंच म्हणून ती भांडी घासायला लागली. पुण्याहून आलेले माझे वडील, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक, पेन्सिलीला टोक काढत शेजारी बसले. "अरे, प्रत्येक गाडी रात्री डेपोत कशाला आणतोस? लांबच्या गावची गाडी आम्ही तिथेच मुक्कामी ठेवायचो." त्यांनी ठिकठिकाणी मुक्काम मांडले, दिवसाला पाच तासांच्या वर गाडी नाही, आणि परतीचं विमान थेट वाळवंटापलीकडच्या एल पासोहून. बायको ओल्या हातांनीच धावत आली. "बाबा, जेवणाचा थांबा कुठे?" "चालक म्हणेल तिथे. त्याला जेवण फुकट असतं!" ती खळखळून हसली. वाळवंटात मात्र त्यांनी दोन रात्री धरल्या होत्या. एक दिवस वाया जातोय, मी म्हणालो. "ढग आले तर?" ते म्हणाले. आकडेमोड आजही मीच करतो, पण ती दुसरी रात्र मला सुचली नसती. पहिल्या रात्री ढग आलेच.