बोअरचं पाणी आणि काळं मंजन

माझ्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. गावाकडं माझ्या वयाच्या बहुतेकांना आहेत. सगळे एकाच बोअरचं पाणी पिऊन वाढलो. त्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे हे कळेपर्यंत चुलत्यांची पाठ आखडून गेली होती. शेवटी शेवटी त्यांना मान वळवून कुणाकडं बघता येईना.

म्हणून शहरात, पुंडलिकनगरच्या घरात लेकीच्या पेस्टवर ‘फ्लोराईड’ वाचलं आणि ट्यूब सरळ कचऱ्यात टाकली. बायकोला बोललो नाही. काळं मंजन आणलं. आयुर्वेदिक आहे, एवढंच सांगितलं. ते चिमटीत वाळूसारखं कचकचायचं. लेक तोंड वाकडं करायची अन् मी मागं उभा राहून म्हणायचो, ‘अजून घास. लई हलका हात आहे तुझा.’

आठवीत गेल्यावर ती कुल्फी नको म्हणायला लागली. मग माठातलं पाणीही. गार लागलं की दातांत कळ जायची.

मी आणि बायको तिला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी तपासलं. ‘हिरड्यांजवळ दातांचं कवच झिजलंय. कशानं घासते?’

‘पेस्टनंच,’ मी म्हणालो.

लेकीनं आ वासलेल्या तोंडानंच माझ्याकडं बघितलं.

‘ठीक. फ्लोराईडचा लेप लावू.’

मला चुलत्यांची मान दिसली. ‘नको,’ मी म्हणालो. मग मात्र थांबता आलं नाही. बोअर, चुलते, मंजन, आत्ताचं खोटं, सगळं सांगून टाकलं.

बायको हळूच म्हणाली, ‘इतकं भ्यायला होतात, तर मला सांगायचं ना. मी काय परकी आहे?’

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ‘दात घडत असताना वर्षानुवर्षं पोटात गेलेलं फ्लोराईड डाग पाडतं, जास्त असलं तर हाडांतही भरतं. पेस्टमधलं थोडं असतं, ते वरूनच दातांचं कवच पक्कं करतं. ते गिळायचं नाही, थुंकायचं. खरखरीत मंजनानं गेलेलं कवच मात्र परत येत नाही. उरलेलं सांभाळू.’

लेप लावताना मी लेकीचा हात धरला होता.

‘पप्पा, किती घट्ट धरला होता माझा हात,’ ती नंतर म्हणाली.

आता घरात परत पेस्ट आहे. बाईंचं म्हणणं पटलंय. तरी सकाळी ती दात घासते तेव्हा मी न्हाणीघराबाहेर उभा राहतो, तिचा थुंकल्याचा आवाज येईपर्यंत.