काचेवरचा कागद

विद्यापीठाच्या नव्या ग्रंथालयाची रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची आहे. परवा त्या काचेवर आतून वर्तमानपत्राचं एक पान चिकटवलेलं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. इमारतीचा आराखडा ठरवणाऱ्या समितीत मी होतो आणि काचेचा हट्ट माझाच होता. नकाशातल्या समोरच्या बसस्टॉपवर बोट ठेवून मी बैठकीत म्हणालो होतो, "वाचणारी मुलं दिसली, की इथल्या लोकांनाही वाचनाची गोडी लागेल." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तावातावानं आत गेलो. त्या कागदाशेजारच्या टेबलावर एक मुलगी वाचत बसली होती. मला पाहून ती गडबडीनं उठली.

"काढते सर, लगेच काढते. बस येईपर्यंत लोक इकडेच बघत राहतात ना, वाचनात लक्षच लागत नाही."

आम्ही उजेड मोजला, खुर्च्यांची उंची ठरवली. तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. वाचताना माणूस किती उघडा पडतो! ओठ हलतात, कपाळाला आठ्या पडतात, एखाद्या ओळीशी डोळे भरून येतात. घरी मी स्वतः दार लोटून घेऊन वाचतो.

"राहू दे," एवढंच म्हणालो. चूक माझी आहे, हे काही तोंडातून निघालं नाही.

बाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. बसला वेळ होता. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, त्या कागदाच्या कडेनं ती दिसते का, ते मी बघत होतो.